आईचा टीव्ही, तीन रिमोट आणि "नो सिग्नल"

सर्किटवाला (धागाकर्ता)

मंडळी, लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मला गॅजेटांचा नाद आहे हे इथल्या जुन्या लोकांना माहितीच आहे. आमच्या घरातला ड्रॉवर उघडला की वायरी बाहेर येतात, बायको त्याला वारूळ म्हणते. नवीन काही आलं की दोन रात्री रिव्ह्यू बघायचे आणि मग सेल लागायची वाट बघत बसायचं, हा आपला धर्म. म्हणजे तंत्रज्ञानाचा राग वगैरे अजिबात नाही हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर खाली कुणीतरी "मग पाटी-पेन्सिल वापरा" लिहिणारच.

तर गेल्या बुधवारी रात्री आठच्या सुमारास वाईहून आईचा फोन. "टीव्ही बंद पडलाय." म्हटलं पडदा काळा आहे का? "काळा नाही रे, निळा आहे आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी फिरतंय." म्हणजे ते नो सिग्नलचं डबडं, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हिंडत असतं ते. मी म्हटलं दोन मिनिटांचं काम आहे, व्हिडिओ कॉल लाव. लावला. पण कॅमेरा पुढचा चालू, त्यामुळे मला दिसतंय आईचं कपाळ आणि मागे भिंतीवरचं कालनिर्णय. "आई, कॅमेरा उलटा कर." तिने फोन उलटा केला. म्हणजे खरोखरच उलटा केला, कालनिर्णय डोक्यावर उभं.

मग रिमोट. "रिमोटवर सोर्स लिहिलेलं बटण आहे का बघ." आई म्हणाली, "कुठल्या रिमोटवर?" आणि हा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता, कारण रिमोट तीन. एक टीव्हीचा, एक सेटटॉप बॉक्सचा आणि एक भाच्याने सुट्टीत लावलेल्या त्या काडीचा, म्हणजे टीव्हीत खोचायच्या स्ट्रीमिंग स्टिकचा. बरं, टीव्हीच्या रिमोटवर सोर्स असा शब्दच नाहीये, एका चौकोनात घुसणारा बाण काढलाय. "बाण आहे का बघ." "अरे सगळे बाणच आहेत."

पाऊण तास हे चाललं. शेवटी ती म्हणाली राहू दे, तू दमला असशील. (दमलो नव्हतो, चिडलो होतो, आणि ते तिला कळलं होतं, ते जास्त लागलं.) पुढचे तीन दिवस शेजारच्या काकूंकडे जाऊन मालिका बघत होती. शनिवारी गेलो, खंबाटकीत ट्रकांच्या मागे रांगत दोन सव्वादोन तास. घरात शिरलो, चपला काढल्या, टीव्हीचा रिमोट घेतला, घुसणारा बाण दाबला, एचडीएमआय दोनवरून एकवर आलो. चार सेकंद. आई म्हणाली, "एवढंच होतं?"

झालं काय होतं, तर भाचा बुधवारी दुपारी परत जाताना स्टिक काढून घेऊन गेला, टीव्ही मात्र त्या रिकाम्या भोकाकडेच बघत बसलेला. स्टिकचा रिमोट मागे राहिला. म्हणजे घरात असा एक रिमोट आहे ज्याला चालवायला आता काहीच नाही, पण तो टीपॉयवर बाकीच्या दोघांच्या बरोबरीने बसलेला असतो.

आता खरा मुद्दा. तिथे बसलोच होतो तर टीव्हीने अपडेट मागितलं, दिलं. मग जागा कमी आहे म्हणाला. आठ जीबी स्टोरेज, त्यातलं निम्मं त्याचं त्यालाच लागतं, उरलेल्यात आईने कधीही न उघडलेली ॲप्स, जी काढता येत नाहीत. दोन गोष्टी पुसून जागा केली. मग अपडेट झाल्यावर नवीन अटी मान्य आहेत का. मग ईमेल टाका. आईचा ईमेल मीच काढलेला, पासवर्ड मलाच आठवेना. हे सगळं कशासाठी, तर रात्री साडेसात ते नऊ एक चॅनल बघायचंय! मी घड्याळ लावून बघितलं, बटण दाबल्यापासून चॅनल दिसेपर्यंत ४७ सेकंद, त्यात होमस्क्रीनवर दोन जाहिराती.

माझं म्हणणं एवढंच आहे की पूर्वी वस्तू घेतली की ती पुरी मिळायची. पंखा घेतला, लावला, संपलं. आता आपण पैसे पूर्ण देतो आणि वस्तू अर्धीच घरी येते, उरलेली अर्धी कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि तिथे बसून ती रोज थोडी थोडी बदलत असते. तुमच्या घरी काय परिस्थिती आहे? आणि आईसाठी सोपा उपाय काय?

---

कर्जतलोकल

फोन उलटा केला याला दंडवत 😂

आमच्याकडे बाबांसाठी रिमोटवर नेलपॉलिशचे ठिपके लावलेत. लाल ठिपका चालू-बंद, गुलाबी आवाज, बाकी बटणांवर चिकटपट्टी. चार महिने मस्त चाललं, मग चिकटपट्टीचा गोंद बटणांत उतरला आणि आवाज वाढवलं की कमी व्हायचंच नाही. अख्ख्या चाळीला बातम्या.

---

जुनं_खोड

धागाकर्ते, "पूर्वी वस्तू पुरी मिळायची" हे वाचून हसू आलं. तुमचं वय काय हो?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्यानंतर काही वर्षांनी आमच्या पुण्याच्या वाड्यात पहिला टीव्ही आला. तो "पुरा" नव्हता. त्याला वर अँटेना लागायचा, अँटेनाचं तोंड सिंहगडावरच्या टॉवरकडे करावं लागायचं, आणि वारा आला, माकड आलं, कावळा बसला की तोंड फिरायचं. मग एक पोरगा कौलांवर, एक जिन्यात आणि एक टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं आलं... गेलं!" मी कायम कौलांवरचा पोरगा होतो, त्यामुळे बरीचशी मॅच मी ऐकलेली आहे, बघितलेली नाही. आणि टीव्ही ठेवायचं लायसन्स असायचं, ते पोस्टात जाऊन भरायचं. तेव्हा हे सबस्क्रिप्शन वगैरे काही नवीन नाही.

व्हर्टिकल होल्ड नावाचा खटका आठवतोय का कुणाला? चित्र वरून खाली पळायला लागलं की मागे हात घालून फिरवायचा. आमच्या आईला तोही जमायचा नाही असं आम्ही म्हणायचो. खरं म्हणजे तिला आम्ही हात लावू देत नव्हतो.

---

अर्धाकप

जुनं_खोड +१.

आणि सर्किटवाला, एक स्पष्ट विचारू का, राग मानू नका. तो टीव्ही सेलमध्ये सगळ्यात स्वस्त होता म्हणून घेतला होतात ना? मग ४७ सेकंद तिथेच गेलेत. एक जीबी रॅमचा टीव्ही म्हणजे मारुती आठशेला ट्रॉली जोडणं. कंपनीला टीव्ही विकून फार सुटत नाही, पुढे होमस्क्रीनवरची जागा विकून आणि तुम्ही काय बघता ते विकून सुटतं. अमेरिकेत विझिओ नावाची टीव्ही कंपनी आहे, तिने १ कोटी १० लाख टीव्हींवरून लोक काय बघतात ते न विचारता गोळा केलं आणि २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. पडद्यावरच्या चित्राचे तुकडे घेऊन ताडून बघतात, त्यामुळे तुम्ही सेटटॉप बॉक्स लावा नाहीतर सिनेमाची डीव्हीडी, त्याला कळतं.

आईच्या टीव्हीत सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली "व्ह्यूइंग डेटा" किंवा तसलं काहीतरी असेल, ते बंद करा. आणि खरं तर टीव्हीचं इंटरनेटच काढून टाका. तिला चॅनलच बघायचंय ना? नेट नाही तर अपडेट नाही, अपडेट नाही तर अटी नाहीत.

---

सर्किटवाला

अर्धाकप, हो. सेलमध्येच घेतला होता. चार दिवस तुलना करून, एक्सेल शीट बनवून. त्यात रॅमचा कॉलम होता. मीच म्हटलं होतं आईला काय करायचीय रॅम.

---

कृष्णाकाठची_मावशी

नमस्कार. मी सहसा वाचनमात्र असते, पण आज लिहितेच.

माझं वय ६८. बँकेत ३१ वर्षं नोकरी केली. मोठमोठी लेजरं हाताने लिहिलीत, व्याज काढलंय, आणि नंतर कॉम्प्युटर आले तेव्हा चष्म्याचा नंबर वाढलेल्या वयात तेही शिकलो. आमच्या शाखेत शिकवायला एक मुलगा आला होता, दोन दिवस होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं, एफ फोर दाबलं की शिल्लक. मी ते वहीत लिहून घेतलं आणि ती वही मला निवृत्त होईपर्यंत पुरली, कारण एफ फोर दाबलं की दहा वर्षांनीही शिल्लकच यायची.

आता बघा. मुलाने मला फोनवर लाईटबिल भरायला शिकवलं. मी वहीत लिहिलं: खाली डावीकडून दुसरं, मग निळं, मग हजार आकडे टाकणे (ग्राहक क्रमांकाला मी हजार आकडे म्हणते). तीन महिने भरलं. चौथ्या महिन्यात खाली डावीकडून दुसरं तिथे कर्ज घ्या असं आलं. बिल वर गेलं. मी काय विसरले? मी काहीच विसरले नाही. त्यांनी जागा बदलली. पण घरात बोलणं काय होतं, तर "आईला किती वेळा सांगायचं".

तुम्ही पोरं या धाग्यावर हसताय, हसा, कपाळ आणि कालनिर्णयाला मीही हसले. पण तुमच्या आईला बाण कळला नाही असं नाही हो. सगळेच बाण असतील तर कुणाला कळेल?

आणि बोटांचं सांगते. आमची बोटं कोरडी पडतात, रेषा झिजतात. पडद्यावर एकदा टेकलं तर लागत नाही, जोरात दाबलं तर दुसरंच काहीतरी उघडतं, जरा वेळ ठेवलं तर ते चित्र थरथरायला लागतं आणि कोपऱ्यात फुली येते. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले होते, अंगठा पाच वेळा लावला, जुळत नाही म्हणाले. मी समोर उभी, माझा श्वास चालू, आणि मशीनला मी हयात वाटेना. तिथल्या शिपायाने सांगितलं मावशी बोट जरा ओलं करून लावा. सहाव्या वेळी मी जिवंत झाले. आता २०२१ पासून चेहरा दाखवून फोनवर होतं ते बरं आहे, मी खिडकीपाशी बसून करते, उजेड लागतो त्याला.

---

सर्किटवाला

मावशी, खरंच निःशब्द. मी वर "आईला बटण सापडेना" या सुरात लिहिलंय ते आत्ता परत वाचलं आणि लाज वाटली. मी आईला कधी वहीत लिहून दिलेलंच नाही, दर वेळी तोंडी, तेही घाईत.

---

तेरावी_पिन

मावशींना नमस्कार. आता जरा नटबोल्ट.

१. एचडीएमआयच्या १९ पिनांत १३ नंबरची पिन सीईसीसाठी असते (माझ्या नावाचा उलगडा झाला). तिच्यावरून टीव्ही आणि जोडलेल्या वस्तू एकमेकींशी बोलतात. सेटटॉप बॉक्स चालू झाला की टीव्ही आपोआप चालू व्हावा, त्याच इनपुटवर यावा, ही सोय त्यात आहे. गंमत म्हणजे हे एकच आहे पण दर कंपनीने बारसं वेगळं केलंय, सॅमसंगकडे ॲनीनेट प्लस, सोनीकडे ब्राव्हिया सिंक, एलजीकडे सिंपलिंक. त्यामुळे सेटिंगमध्ये शोधताना सीईसी हा शब्द सापडला नाही तर निराश होऊ नका. पण डीटीएचचे सगळे बॉक्स हे करत नाहीत, चालेलच अशी खात्री नाही.

२. टीव्हीच्या सेटिंगमध्ये "चालू केल्यावर काय दाखवायचं" असं काहीतरी बऱ्याच टीव्हींत असतं, तिथे होमस्क्रीनऐवजी शेवटचा इनपुट किंवा एचडीएमआय एक ठेवा. निम्मा त्रास इथेच संपतो.

३. सगळ्यात महत्त्वाचं, लर्निंग रिमोट घ्या. दहा-बारा मोठी बटणं असतात. जुन्या रिमोटचं नाक याच्या नाकासमोर धरायचं, याचं बटण दाबायचं, मग जुन्याचं दाबायचं, तो तो इशारा पाठ करतो. टीव्हीचं चालू-बंद, बॉक्सचं चालू-बंद, चॅनल वरखाली, आवाज, बास. फक्त एक, स्टिकचे आणि नव्या टीव्हीचे काही रिमोट ब्लूटूथवर चालतात, त्यांचं हा शिकू शकत नाही. चालू-बंदचं बटण बहुतेक इन्फ्रारेडवरच असतं.

रिमोट इन्फ्रारेड आहे का, सेल संपलेत का, हे बघायचं असेल तर फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करून रिमोटचं नाक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्यात दिवा लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा फिल्टर असतो, म्हणून पुढचाच घ्या. म्हणजे आईंनी पुढचा कॅमेरा लावला होता तो अगदीच वाया नव्हता 🙂

---

कर्जतलोकल

हे सेल्फीचं आत्ता करून बघितलं. जांभळा ठिपका! बायकोला दाखवला, ती म्हणाली भांडी घासायची राहिलीत.

---

गुहागरी

वस्तू अर्धी घरी येते यावर आमचा किस्सा.

आमचं घर जांभ्याचं, भिंती दीड फुटाच्या. राऊटर माजघरात. शेजारच्या खोलीत गेलं की पाच गिगाहर्ट्झचं वायफाय मेलं, दोन पॉइंट चारवालं कसंबसं पडवीपर्यंत पोचतं. आमच्या धाकट्या भावाने मुंबईहून पडवीसाठी वायफायचा बल्ब आणला, फोनवरून रंग बदलतो म्हणे. हे बल्ब-प्लग वगैरे बहुतेक सगळे दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झवरच चालतात, राऊटरने दोन्हीला एकच नाव दिलेलं, फोन पाचवर आणि बल्ब दोन पॉइंट चारवर, दोघांची गाठच पडेना. भाऊ जेवण सोडून तीन तास स्टुलावर उभा.

लागला एकदाचा. आता आज्जी. आज्जीला सवय, झोपायला जाताना पडवीतला दिवा भिंतीवरच्या बटणाने बंद करायचा. बटण बंद म्हणजे करंट बंद, करंट बंद म्हणजे बल्ब बेशुद्ध, मग फोनवरून काय हाक मारणार. भावाने बटणावर कागद चिकटवला "बंद करू नये". आज्जीने कागद काढून त्यात सुपारी बांधली. तिचं म्हणणं, बटण आहे तर बंद का करू नये? मला अजून याचं उत्तर देता आलेलं नाही.

आणि शेवट असा की दीड वर्षाने त्या बल्बवाल्या कंपनीने ॲपच गुंडाळलं. बल्ब चांगला आहे, जळलेला नाही, पण तो शेवटी ज्या रंगावर होता त्याच रंगावर राहिला. जांभळ्या. गणपतीला पाहुणे आले की विचारतात पडवीत असं का.

---

राईनकाठचा

गुहागरी 😂😂 जांभळी पडवी!

हे फक्त बारक्या कंपन्यांचं नाही. मार्च २०२५ मध्ये गूगलचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट (फोनवरचं टीव्हीवर दाखवणारी डबी) जगभर एकदम आंधळे झाले होते, २०१५ चं ते मॉडेल. कारण काय तर आतल्या एका सर्टिफिकेटची मुदत दहा वर्षांची होती आणि ती संपली. वस्तूत बिघाड शून्य. काही दिवसांनी दुरुस्ती पाठवली त्यांनी, पण मधल्या काळात वैतागून ज्यांनी फॅक्टरी रीसेट मारलं ते आणखी अडकले. म्हणून माझा नियम, असं काही झालं की पहिले दोन दिवस हात लावायचा नाही.

इकडे जर्मनीत कायद्याने थोडा फरक पडतोय. २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपात नवीन फोन, टॅब, हेडफोन वगैरेंना यूएसबी सी सक्तीचं झालं. आणि २० जून २०२५ पासून फोन-टॅबसाठी असा नियम आहे की मॉडेल विकणं थांबवल्यावरही पाच वर्षं अपडेट द्यायचे आणि सात वर्षं सुटे भाग मिळायला हवेत. यात टीव्ही येत नाहीत पण सुरुवात म्हणून चांगलं.

बाकी माझे आईबाबा नाशिकला. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, त्यामुळे त्यांचा टीव्ही "बिघडतो" तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये असतो. एकदा म्यूट करायला विसरलो आणि चौदा जर्मनांनी "बाबा, हिरवं नाही, हिरव्याच्या खालचं" हे ऐकलं.

---

कर्जतलोकल

यूएसबी सीचं निघालंच आहे तर थोडं अवांतर. सी आलं की सगळं एक होणार म्हणून मी नाचलो होतो. आज माझ्याकडे सात सी केबली आहेत, दिसायला सातही जुळी भावंडं. एक लॅपटॉप चार्ज करते, दोन फक्त फोन, एक फोन चार्ज करते पण फोटो कॉपी होत नाहीत, एक उलटी लावली तरच चालते (सी ला उलट-सुलट नसतं ना???). हे काय गौडबंगाल आहे?

---

तेरावी_पिन

सी हे फक्त भोकाच्या आकाराचं नाव आहे. आत काय वाहतं ते वेगळं. दोन्ही टोकांना सी असलेली साधी केबल तीन अँपिअर म्हणजे ६० वॉटपर्यंत. त्याच्या वर जायचं तर पाच अँपिअरची लागते, तिच्या टोकात एक चिप असते, ती चार्जरला सांगते की मला झेपेल. चिप नसेल तर चार्जर तीन अँपिअरच्या वर सोडतच नाही. २०२१ च्या नियमाने हे २४० वॉटपर्यंत गेलंय. आणि डेटाचा वेग हा तिसराच प्रकार, २०२३ चा साधा आयफोन १५ सी घेऊन आला पण वेग ४८० एमबीपीएसच, म्हणजे २००० साली आलेल्या यूएसबी दोनचा. फोटो जात नाहीत तिच्यात डेटाच्या तारा तुटल्यात किंवा मुळात घातलेल्याच नाहीत. उलटी लावल्यावर चालणारी मात्र निम्मी मेलीये, एका बाजूच्या पिना गेल्यात. टाकून द्या.

बाकीच्यांना रंगीत दोरा बांधा. मी लाल दोरा १०० वॉट, पिवळा डेटा, बिनदोऱ्याची फक्त फोन.

---

कर्जतलोकल

म्हणजे कंपनीने नाही लिहिलं, आपण दोरे बांधायचे. वडाला बांधतात तसे.

---

पाखडी_श

मी डीटीपी करतो, लग्नपत्रिका आणि कार्यअहवाल. अर्ध्या वस्तूंच्या यादीत मराठी कीबोर्ड टाका.

फोनवरचे काही कीबोर्ड अजूनही रफार आणि अर्धा र यात गोंधळ घालतात. "आचाऱ्यास दक्षिणा" आणि "आचार्यास दक्षिणा" यात स्वयंपाकी आणि गुरुजी एवढा फरक आहे, गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवतं, मी तसाच छापला तर पैसे कुणाला द्यायचे? इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे (J) मारलं की खालचा ठिपकावाला ऱ येतो, त्याला हलन्त लावला की झालं, पण फोनवर कोण इनस्क्रिप्ट घेतं. त्यातून हाच अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, दिसायला डिट्टो सारखा, पण आतले कोड वेगळे. म्हणून फाइलमध्ये "दऱ्या" शोधलं तर समोर दिसत असताना "सापडलं नाही" म्हणतो. मी कितीदा डोकं आपटलंय.

आणि टीव्हीला बोलून शोधायचं म्हणाल तर आमच्या तीर्थरूपांनी रिमोटमध्ये तोंड घालून "कीर्तन लाव" म्हटलं, त्याने क्रिकेट लावलं. तीर्थरूप तेच बघत बसले.

---

जुनं_खोड

पाखडी_श, क्रिकेटवरून आठवलं. वर मी धागाकर्त्यांना टोचलं, पण मावशींचं वाचल्यावर माझाच मुद्दा मला अर्धवट वाटायला लागलाय. अँटेना फिरायचा ते खरं, पण तो वाऱ्याने फिरायचा. कुणी मुद्दाम रात्री येऊन फिरवून जात नव्हतं.

---

कृष्णाकाठची_मावशी

हो ना. आणि माकड नंतर जाहिरात दाखवत नव्हतं.

---

सर्किटवाला

अपडेट देतो (माझं अपडेट, टीव्हीचं नाही).

शुक्रवारी पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. लर्निंग रिमोट १८० रुपयांना मिळाला, खोक्यावर कंपनीचं नाव पुसट, सूचना चिनी भाषेत. शनिवारी वाईला गेलो. टीव्हीचं वायफाय काढलं. चालू केल्यावर एचडीएमआय एक, हे सेटिंग सहाव्या मेनूत सापडलं, होतं बरं का. सीईसी चालू करून बघितलं, बॉक्सने दाद दिली नाही, सोडून दिलं.

मग आईला म्हटलं, तू बस, तूच शिकव याला. दोन्ही रिमोट टीपॉयवर नाकाला नाक लावून ठेवले. ती म्हणाली सत्यनारायणाला सुपाऱ्या मांडतात तसं दिसतंय. आवाजाचं बटण दोनदा चुकलं, कारण मी मध्येमध्ये बोलत होतो. मी गप्प बसल्यावर तिने सहाही बटणं एका दमात केली. बटण दाबून चॅनल दिसायला आता १९ सेकंद लागतात. अर्धाकप, तुम्ही बरोबर होतात, रॅम आणायला हवी होती.

वही पण केली. भाच्याची दोनशेपानी होती, निम्मी कोरी. मी लिहायला लागलो, "सोर्स बटण दाबून एचडीएमआय एक निवडणे", तिने पेन काढून घेतलं आणि स्वतः लिहिलं: "निळं आलं तर: काळा रिमोट, घरात शिरणारा बाण, पहिल्यावर आणून गोल दाबणे." त्या चौकोनाला ती घर म्हणते. मला इतकी वर्षं तो चौकोनच दिसत होता.

एक राहिलं. नव्या रिमोटबरोबर सेल आले नव्हते. मी म्हटलं कोपऱ्यावरून घेऊन येतो, तर आईने उठून टीपॉयवरचा स्टिकचा रिमोट उघडला, त्यातले दोन काढले आणि यात घातले.

---

गुहागरी

तपकीर गल्लीत नक्की कुठे हो? भावाला पाठवायचंय. आणि तिथे साधा पिवळा बल्ब मिळेल का तेही सांगा.